जॉर्ज म्यूलरांच्या ब्रिस्टलमध्ये

जॉर्ज म्यूलर हे नाव आपल्या मंडळ्यांना नवे नाही. शब्बाथशाळेत शिकविणाऱ्या प्रत्येकाने त्यांची ती न्याहारीची गोष्ट केव्हा ना केव्हा सांगितलेली असते. अनाथगृहात मुले रिकाम्या थाळ्यांपुढे उभी आहेत, घरात पावाचा तुकडा नाही; म्यूलर देवाचे उपकार मानतात आणि तेवढ्यात दारावर थाप पडते. रात्री झोप लागली नाही म्हणून उठून पाव भाजून आणलेला पाववाला दारात उभा, आणि त्याच्या पाठोपाठ गाडी मोडलेला दूधवाला. आम्हीही ही गोष्ट पुष्कळ वर्षे सांगत आलो. मुले डोळे मोठे करून ऐकतात आणि सांगणाऱ्यालाही बरे वाटते.

काही वर्षांपूर्वी ही गोष्ट संपल्यावर आमच्या वर्गातील एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील त्याच पावसाळ्यात वारले होते. घरच्यांनी व मंडळीने त्यांच्यासाठी पुष्कळ प्रार्थना केली होती. आमच्या दारावर थाप का पडली नाही, एवढेच त्याने विचारले. आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते काय होते हे आज आठवत नाही, पण ते त्या मुलाला पटले नाही आणि आम्हालाही पटले नाही, हे मात्र चांगले आठवते.

पुढे आमची पुतणी इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोकरीस लागली आणि तिच्याकडे जाण्याचा योग आला. तिच्या सुटीच्या दिवशी कोठे जायचे असे तिने विचारले तेव्हा आम्ही लंडनचे नाव न घेता ब्रिस्टलचे घेतले. तिला नवल वाटले. ती म्हणाली, तेथे एक जुने बंदर आहे, एक झुलता पूल आहे, आणखी काय आहे? आम्ही म्हटले, एका मनुष्याचे पत्ते शोधायचे आहेत.

ब्रिस्टल हे बंदर खरे, पण ते समुद्रावर नाही. एव्हन नदीने काही मैल आत यावे लागते. येथील भरती-ओहोटी जगात नावाजलेली आहे. खाडीच्या तोंडाशी पाणी चाळीस फुटांपर्यंत चढते आणि उतरते. पूर्वी ओहोटी लागली की शहरात आलेली जहाजे चिखलात बसत. १८०९ साली दरवाजे घालून नदीचे पाणी अडविण्यात आले, तेव्हापासून शहराच्या मध्यभागी पाणी एका पातळीत राहते. आज तेथे मालाची जहाजे येत नाहीत. गोद्यांच्या जागी खानावळी, संग्रहालये आणि हौशी लोकांच्या होड्या आहेत. लोखंडी बांध्याचे प्रसिद्ध जहाज ग्रेट ब्रिटन १८४३ साली ज्या गोदीतून पाण्यात उतरले, त्याच गोदीत ते १९७० साली परत आणून ठेवले आहे. पुतणीच्या आग्रहाने आम्ही तेही पाहिले.

या पाण्यावर एक पायपूल आहे. त्याला पीरो या गुलामाचे नाव दिलेले आहे. ब्रिस्टलची श्रीमंती कोठून आली हे तो पूल सांगतो. अठराव्या शतकात येथून निघालेल्या जहाजांनी आफ्रिकेतील सुमारे पाच लाख माणसे अटलांटिक समुद्रापलीकडे नेऊन विकली आणि त्यांच्या घामाची साखर येथे परत आणली. पीरो हा जॉन पिनी नावाच्या मळेवाल्याचा गुलाम होता. पिनींचे घर ग्रेट जॉर्ज स्ट्रीट या चढाच्या रस्त्यावर अजून आहे व आता ते संग्रहालय आहे. आम्ही त्या रस्त्यावर गेलो ते पिनींसाठी नव्हे. त्याच रस्त्यावर बेथेस्दा नावाचे उपासनामंदिर होते आणि १८३२ पासून जॉर्ज म्यूलर तेथे उपदेश करीत असत. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात ते मंदिर नाहीसे झाले. पाहण्यासारखे तेथे काही उरलेले नाही. आम्ही थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिलो इतकेच.

म्यूलर मूळचे ब्रिस्टलचे नव्हेत, इंग्लंडचेही नव्हेत. त्यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियातील क्रोपनश्टेट या गावी झाला. वडील सरकारी कर गोळा करीत. दहा वर्षांचे होण्याच्या आतच हा मुलगा वडिलांजवळच्या सरकारी पैशांतून चोरी करू लागला होता. चौदा वर्षांचा असताना आई मरणाच्या दारी होती आणि याला ते ठाऊकही नव्हते; त्या रात्री तो पत्ते खेळत बसला होता. सोळाव्या वर्षी खाणावळीचे बिल बुडविल्याबद्दल तीन आठवड्यांवर तुरुंगात राहिला. वडिलांनी त्याला धर्मशिक्षणासाठी पाठविले ते भक्तीपोटी नव्हे. मुलाला पाळकाची बऱ्या पगाराची जागा मिळावी आणि म्हातारपणी आपण त्याच्या घरी सुखाने राहावे, हा त्यांचा हिशेब होता. शब्बाथशाळेत आपण हा भाग गाळतो. तो गाळू नये असे आमचे मत आहे. ज्या हातांनी वडिलांचे पैसे चोरले त्याच हातांनी पुढे लाखो पौंडांचा हिशेब पैशापैशाने लिहिला.

१८२५ च्या नोव्हेंबरात हाले येथील विद्यापीठात शिकत असताना एका मित्राबरोबर ते कोणा विश्वासणाऱ्याच्या घरी शनिवारच्या प्रार्थनासभेला गेले. तेथे एका मनुष्याने गुडघे टेकून प्रार्थना केली. धर्मशास्त्राच्या या विद्यार्थ्याने गुडघे टेकलेला मनुष्य तोवर पाहिला नव्हता. त्या संध्याकाळपासून त्यांचे आयुष्य पालटले. हाले येथेच फ्रांके यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी काढलेले मोठे अनाथगृह होते. म्यूलर गरीब विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या त्याच्या खोल्यांत दोन महिने फुकट राहिले. आपल्या देशात १७०६ साली तरंगंबाडीस आलेले झीगेनबाल्ग हेही याच हालेचे विद्यार्थी. एका ठिकाणी पेरलेले बी कोठे कोठे उगवते!

१८२९ मध्ये यहुदी लोकांत काम करण्यासाठी म्हणून ते लंडनला आले, तेथे आजारी पडले आणि हवापालटासाठी दक्षिण किनाऱ्यावरील टिनमथ येथे गेले. तेथील लहानशा मंडळीचे पाळक झाले आणि १८३० साली मेरी ग्रोव्ह्ज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरीबाईंचे बंधू अँथनी ग्रोव्ह्ज यांनी दंतवैद्यकीचा चांगला धंदा सोडून बगदादला मिशनकार्य आरंभिले होते. पुढे १८३३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. गोदावरीच्या मुखाकडील तेलुगू भागात जे मिशन उभे राहिले त्याचे पहिले कामकरी त्यांनीच आणले होते. आपल्या हैदराबादकडील वाचकांना ते परिचयाचे असेल.

लग्नानंतर तीन आठवड्यांच्या आत पतिपत्नींनी ठरावीक पगार सोडून दिला. त्या काळी श्रीमंत लोक पैसे भरून चर्चमधील पुढची बाके आपल्यासाठी राखून ठेवीत आणि पाळकाचा पगार त्यातून निघे. गरिबाने मागे बसावे ही गोष्ट म्यूलरांना याकोबाच्या पत्राच्या विरुद्ध वाटली. दाराशी एक पेटी ठेवली; ज्याला द्यायचे त्याने गुपचूप टाकावे. (आपल्याकडे बाके राखीव नसतात. पण चर्चला दिलेल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर देणाऱ्याचे नाव रंगविलेले आम्ही पाहिले आहे. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही, ही देवाचीच योजना असावी.)

मे १८३२ मध्ये ते आणि त्यांचे स्नेही हेन्री क्रेक ब्रिस्टलला आले. आदल्याच वर्षी शहरात मोठी दंगल होऊन बंदराजवळचा क्वीन स्क्वेअर जळाला होता. ते आले आणि दोन महिन्यांत पटकी सुरू झाली. आईबाप मेलेली मुले रस्त्यांत भटकू लागली. त्या काळी अशा मुलांना सरकारी आश्रम एवढाच आसरा होता आणि तेथे कोणी सुखाने जात नसे. १८३४ साली म्यूलरांनी पवित्र शास्त्राच्या प्रसारासाठी, शाळांसाठी आणि मिशनरींच्या मदतीसाठी एक संस्था काढली. कर्ज काढायचे नाही हा तिचा पहिल्यापासूनचा नियम होता. अनाथगृह अजून मनातही नव्हते.

आणि मग १८३५ चा जून आला. म्यूलरांची दोन्ही मुले एकाच वेळी आजारी पडली. घरात मेरीबाईंचे वडीलही अंथरुणाला खिळले होते. एका आठवड्यात आजोबा गेले आणि लहानगा एलिया गेला. म्यूलरांचा हा एकुलता एक मुलगा. लिडिया वाचली. त्यांना झालेल्या चार अपत्यांपैकी दोन जन्मतःच मृत होती, एलिया असा गेला. लिडिया एवढीच जगली. प्रार्थनेने पाव मिळविणाऱ्या या मनुष्याने आपल्या मुलासाठी प्रार्थना केली नसेल काय? त्याच्या दारावर थाप पडली नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे एलियाला मातीआड करून पुरते पाच महिने झाले नाहीत तोच, चहाला गेले असता एका बाईंच्या घरी फ्रांके यांचे चरित्र त्यांच्या दृष्टीस पडले आणि ब्रिस्टलमध्ये अनाथगृह काढण्याचा विचार पक्का झाला. जीवनचरित्रे या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत देतात. आम्ही त्या जवळजवळ ठेवून वाचतो. म्यूलरांनी स्वतः त्यांचा संबंध जोडलेला नाही, हे सांगितले पाहिजे. त्यांनी दिलेले मुख्य कारण निराळेच आहे. मंडळीतील लोक उद्याच्या भाकरीच्या काळजीने खंगत होते, धंद्यात खोटे केल्यावाचून चालत नाही असे म्हणत होते. देव आजही प्रार्थना ऐकतो याचे डोळ्यांनी दिसेल असे काही त्यांच्यापुढे ठेवावे, हा पहिला हेतू आणि मुलांचे पोषण दुसरा.

डिसेंबरात त्यांनी सभा घेऊन विचार सांगितला, पण सभेत वर्गणी गोळा केली नाही. पैसे, भांडी, कापड, काम करणाऱ्या बाया, सर्व हळूहळू आले. फेब्रुवारी १८३६ मध्ये मुलांचे अर्ज घेण्याचा दिवस ठरला. म्यूलर दोन तास बसले. एकही अर्ज आला नाही! घरी जाता जाता त्यांच्या ध्यानात आले, की आपण घर मागितले, पैसा मागितला, माणसे मागितली. मुले मागितलीच नाहीत. अनाथ मुले काय, हवी तितकी मिळतील असे धरून चाललो. त्या रात्री त्यांनी मुलांसाठी प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला. आपली फजिती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली, म्हणून आम्हाला ती न्याहारीच्या गोष्टीहून अधिक मोलाची वाटते. न्याहारीची गोष्ट त्यांच्या नोंदींतून नव्हे, दुसऱ्यांच्या आठवणींतून आली आहे.

एप्रिल १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवरील ६ नंबरच्या घरात मुलींचे अनाथगृह सुरू झाले. हा रस्ता सेंट पॉल्स भागात आहे. रस्ता अरुंद, घरे एकमेकांना चिकटलेली. अशा चार घरांत पुढे शंभरावर मुले राहू लागली. १८३८ पासूनची काही वर्षे फार ओढाताणीची गेली. सकाळी पैसे नाहीत आणि दुपारी जेवणापुरते आले, असे दिवस एकामागून एक. कामकरी मंडळींनी आपली पुस्तके व सामान विकून भर घातली. पण उधारी नाही. पाववाला आणि दूधवाला यांचा हिशेब आधी आठवड्याने होत असे. तोही मोडून, हातात पैसे असतील तरच वस्तू घ्यायची असे ठरले. वाण्याकडे उधारीची वही ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना यातील कठीणपणा सांगायला नको.

कोणी म्हणतील, वार्षिक अहवाल छापणे ही एक प्रकारची मागणीच नव्हे काय? ही शंका त्या काळीही घेतली गेली आणि ती अगदीच अवाजवी नाही. म्यूलरांचे उत्तर कृतीत दिसते. डिसेंबर १८४१ मध्ये तिजोरी रिकामी होती. नेमकी तीच अहवालाची व वार्षिक सभेची वेळ. आता आपली स्थिती सांगितली तर ती भीक ठरेल म्हणून त्यांनी सभा आणि अहवाल दोन्ही काही महिने पुढे ढकलले, आणि त्या महिन्यांत टंचाई आणखी वाढली.

ऑक्टोबर १८४५ मध्ये विल्सन स्ट्रीटवरील एका शेजाऱ्याचे पत्र आले: मुलांचा गोंगाट होतो, आम्हाला त्रास होतो. पत्र सभ्य होते आणि तक्रार खरी होती. म्यूलरांनी रागावण्याऐवजी कागदावर दोन्ही बाजूंची कारणे लिहिली आणि शहराबाहेर जागा शोधायला निघाले. ॲशली डाउन या टेकडीवरच्या जमिनीला मालक एकरी २०० पौंड मागत होता. म्यूलर भेटीला गेले तर तो घरी नव्हता. त्या रात्री मालकाला तीन वाजता जाग आली ती पाचपर्यंत झोप नाही. सकाळी त्याने १२० पौंडांनी जमीन दिली. तेथे १८४९ ते १८७० या काळात पाच प्रचंड दगडी इमारती उभ्या राहिल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली.

ॲशली डाउनला आम्ही बसने गेलो. इमारती अजून भक्कम आहेत. १८५८... नव्हे, १९५८ साली त्या विकण्यात आल्या (शतकाची चूक आमच्या टिपणवहीत तशीच राहिली आहे), पुढे तेथे महाविद्यालय होते, आता काही भागांत लोकांची घरे आहेत. त्यांची नावे काय होती ठाऊक आहे? क्रमांक १, क्रमांक २, क्रमांक ३, ४ आणि ५. बस. सकाळी बंदरावर पुतणीने एडवर्ड कोल्स्टनची हकीकत सांगितली होती. त्याने शाळा काढल्या, धर्मशाळा बांधल्या, शहरभर त्याचे नाव होते, पुतळा होता. आणि पैसा गुलामांच्या व्यापारातला. जून २०२० मध्ये लोकांनी तो पुतळा ओढून पाडला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. क्रमांक ३ मध्ये पाडण्यासारखे काही नाही.

येथील एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. १८५७ च्या नोव्हेंबरअखेर क्रमांक १ मधील पाणी तापविणारा बंब गळू लागला. त्या घरात तीनशे मुले, थंडीचे दिवस. बंबाभोवतीचे विटांचे बांधकाम फोडल्याशिवाय दोष कळेना आणि विस्तव विझविल्याशिवाय फोडता येईना. बुधवार ठरला. इतक्यात उत्तरेचा बोचरा वारा सुटला. म्यूलरांनी दोन गोष्टी मागितल्या: दक्षिणेचा वारा आणि कारागिरांना काम करण्याचे मन. मंगळवारी रात्रीही उत्तरेचाच वारा होता. बुधवारी तो फिरला आणि इतकी ऊब आली की विस्तवाची गरज लागली नाही. संध्याकाळी मुकादम म्हणाला, माणसे उद्या पहाटे लवकर येतील. तर माणसांनीच सांगितले, आम्ही रात्रभर काम करतो. वारा देवाने फिरविला, हे आपण लगेच मान्य करतो. रात्रभर विटांत हात घालून बसलेल्या त्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

मेरीबाईंचेही असेच झाले आहे. रोज अनाथगृहांत फेरी, कापडाची निवड, आजारी मुलांची चौकशी आणि हिशेबाच्या वह्या तपासणे ही कामे त्यांची. फेब्रुवारी १८७० मध्ये, शेवटचे घर उघडल्यावर महिन्याभरात, त्या संधिवाताच्या तापाने वारल्या. म्यूलरांनी त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थना केली होती. तीही नाकारली गेली. अंत्यविधीच्या वेळी उपदेश त्यांनी स्वतःच केला. एक दोष आम्हाला खटकतो आणि तो लपवू नये: आईबाप दोघेही मेलेली आणि विवाहबंधनात जन्मलेली मुलेच तेथे घेतली जात. बाकीच्या मुलांनी कोठे जायचे?

सत्तरी गाठल्यावर दुसऱ्या पत्नी सुझॅनाबाई यांच्यासह ते जगभर उपदेशाला निघाले. सतरा वर्षांत बेचाळीस देश झाले, आपला देशही. १८९० च्या जानेवारीत ते जबलपूरला होते. तेथे त्यांना लिडिया वारल्याचे कळले. एलिया गेला तेव्हा जी वाचली तीच ही लिडिया. जवळजवळ तीस वर्षे तिने पगार न घेता अनाथगृहात काम केले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे म्यूलर मुंबईस आले आणि जहाजाने घरी परतले. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या वाचकांपैकी कोणी जबलपूरच्या स्टेशनावर गाडी बदलत असतील तर त्यांनी हे आठवावे.

आपल्या पंडिता रमाबाईंनी म्यूलरांचे चरित्र वाचले होते. अमेरिकेतील मंडळाने शारदासदनाला दिलेले दहा वर्षांचे आश्वासन संपत आले असता, हे आपल्या देशात होऊ शकेल काय, हा प्रश्न त्यांना पडला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या आणि केडगाव उभे राहिले. ज्या १८९८ साली म्यूलर गेले त्याच वर्षी रमाबाईंच्या त्या आश्वासनाची मुदत संपली.

म्यूलर १० मार्च १८९८ च्या सकाळी क्रमांक ३ मधील आपल्या खोलीत प्रभूमध्ये झोपी गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी प्रार्थनासभा चालविली होती. दहा हजारांवर अनाथ मुले त्यांच्या हातांखालून गेली होती आणि सुमारे पंधरा लाख पौंड. मागे राहिलेली त्यांची स्वतःची मालमत्ता, पुस्तके व सामान धरून, १७० पौंडांचीही नव्हती. काही मित्रांच्या तारणासाठी ते कित्येक दशके रोज प्रार्थना करीत होते. छत्तीस वर्षे झाल्यावरही त्यांपैकी दोघे वळलेले नाहीत, अशी त्यांचीच नोंद आहे.

शेवटी आम्ही आर्नोस व्हेल या दफनभूमीत गेलो. दाराजवळ एक भारतीय धाटणीची छत्री दिसते आणि क्षणभर आपण कोठे आहोत हे कळेना. ती राजा राममोहन रॉय यांची समाधी. ते २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलमध्ये वारले. म्यूलरांचा तो अठ्ठाविसावा वाढदिवस. झाडीतून वर चढत गेल्यावर म्यूलरांची कबर सापडली. दोन्ही पत्नींजवळ त्यांना ठेवले आहे. दगड त्यांच्या अनाथ मुलांनी आपल्या देणग्यांतून बसविला. पुतणी दमली होती, ती बाजूच्या कट्ट्यावर बसली. पाऊस भुरभुरू लागला तेव्हा आम्ही निघालो.

परत आल्यावर शब्बाथशाळेत आम्ही पुन्हा म्यूलर सांगितले. या वेळी पाववाला शेवटी आला. आधी तुरुंग सांगितला, रिकामा गेलेला अर्जाचा दिवस सांगितला आणि १८३५ चा जून सांगितला. तो मुलगा आता मोठ्यांच्या वर्गात गेला आहे, पण त्या दिवशी मागच्या बाकावर येऊन बसला होता. सगळे उठल्यावर तो जवळ आला आणि एलिया केवढा होता, असे त्याने विचारले. आम्ही सांगितले, सव्वा वर्षाचा.